कृत्रिम बुद्धिमत्तेचे सामाजिक, कायदेविषयक व आर्थिक परिणाम : उत्तरदायित्वाच्या दृष्टीने एक अभ्यास (कोल्हापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर आज न्यायालय, पोलीस ठाणे, ऊसशेती, यंत्रमाग आणि महाविद्यालय अशा सर्वच क्षेत्रांत होऊ लागला आहे. या तंत्रज्ञानाच्या परिणामांची चर्चा बहुधा रोजगार जाणार की वाढणार या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत शोधनिबंधात या परिणामांचा विचार उत्तरदायित्वाच्या अंगाने केला आहे. निर्णय यंत्राच्या साहाय्याने झाला, तरी त्याबद्दल जाब कोणाला विचारायचा, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे काही निर्णय, केंद्र व राज्य शासनाचे कायदे आणि धोरणे, तसेच कोल्हापूर परिसरातील ऊस व वस्त्रोद्योग यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, ज्या कागदावर वा निर्णयावर माणसाची स्वाक्षरी असते, त्याची जबाबदारी यंत्राकडे ढकलता येत नाही. आणि जेथे स्वाक्षरीच नाहीशी होते, तेथे सामान्य माणसाचा दाद मागण्याचा मार्गही बंद होतो.

बीजसंज्ञा : कृत्रिम बुद्धिमत्ता, उत्तरदायित्व, न्यायालयीन भाषांतर, व्यक्तिमत्त्व हक्क, ऊसशेती, यंत्रमाग, विदा.

१. प्रस्तावना

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १९५६ साली भरवलेल्या परिषदेमुळे रूढ झाली. यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न ॲलन ट्युरिंग यांनी त्यापूर्वीच, १९५० साली, एका निबंधातून मांडला होता. पुढील अनेक दशके हा विषय प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी ही प्रणाली सर्वांसाठी खुली झाल्यावर मात्र हा विषय विद्यार्थी, वकील, कारकून आणि शेतकरी यांच्या हातातील मोबाईलपर्यंत येऊन पोहोचला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेस मंजुरी दिली. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९’ स्वीकारून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली.

याच सुमारास कोल्हापूरच्या सार्वजनिक जीवनात एक महत्त्वाची घटना घडली. चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना न्यायासाठी मुंबई गाठण्याची गरज त्यामुळे कमी झाली. न्यायसंस्था पक्षकाराच्या जवळ येत असतानाच तिच्या कामकाजात यंत्रही प्रवेश करीत आहे. या दोन घटनांचा एकत्रित विचार करणे आवश्यक वाटल्याने प्रस्तुत विषयाची निवड केली आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्यपद्धतीचा सोप्या भाषेत परिचय करून देणे. २) तिच्या कायदेविषयक परिणामांचा न्यायालयीन निर्णयांच्या आधारे आढावा घेणे. ३) कोल्हापूर परिसरातील शेती व उद्योगांच्या संदर्भात तिचे आर्थिक परिणाम तपासणे. ४) भाषा, सामाजिक न्याय व शिक्षण या क्षेत्रांवरील परिणामांचे विवेचन करणे. ५) काही व्यवहार्य शिफारशी सुचविणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायालयीन निर्णय, शासकीय धोरणे व ऐतिहासिक माहिती या द्वितीयक स्रोतांचा आधार घेतला आहे.

३. यंत्र उत्तर कसे देते?

भाषिक प्रारूपांची कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय त्यांचे परिणाम समजणे कठीण आहे. ‘पावसाळ्यात पंचगंगेला मोठा...’ एवढे वाक्य ऐकताच कोल्हापूरचा कोणताही रहिवासी ‘पूर’ हा शब्द उच्चारेल. कारण हे शब्द एकत्र येताना त्याने असंख्य वेळा ऐकले आहेत. भाषिक प्रारूपही याच तत्त्वावर काम करते. प्रचंड मजकुरावरून कोणत्या शब्दापाठोपाठ कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, हे ते शिकते व त्यानुसार वाक्य पूर्ण करीत जाते.

फरक असा की, कोल्हापूरच्या माणसाने पूर पाहिलेला असतो. २०१९ साली पाणी कोठवर आले होते, हे तो बोट दाखवून सांगू शकतो. यंत्राने पाहिलेले असतात फक्त शब्द. त्यामुळे त्याचे वाक्य घडणीने निर्दोष असते, पण ते खरे असेलच याची हमी नसते. न्यायनिवाड्याचे नाव, वर्ष व पृष्ठक्रमांक कसा दिसतो हे यंत्रास ठाऊक असते. म्हणून अस्तित्वात नसलेला निवाडाही ते तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देते. पुढील विवेचनात येणाऱ्या बऱ्याच अडचणींचे मूळ येथे आहे.

४. कायदेविषयक परिणाम

४.१ अस्तित्वात नसलेले न्यायनिवाडे

न्यूयॉर्क येथील न्यायालयाने जून २०२३ मध्ये वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. त्यांनी विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात यंत्राने रचलेले काल्पनिक निवाडे सादर केले होते. ही परदेशातील नवलाची बातमी म्हणून आपल्याकडे वाचली गेली. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये तसाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. के.एम.जी. वायर्स या कंपनीचे उत्पन्न विवरणपत्रानुसार सुमारे ३ कोटी ९ लाख रुपये असताना प्राप्तिकर विभागाने ते सुमारे २७ कोटी ९१ लाख रुपये ठरवले होते. त्या आदेशात आधारासाठी घेतलेले तीन न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने हा आदेश रद्द करून प्रकरण फेरनिर्णयासाठी परत पाठवले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात प्रणालीने पुढे केलेल्या निष्कर्षांवर विसंबण्याची प्रवृत्ती वाढते; तथापि अर्धन्यायिक काम करणाऱ्याने त्यांवर डोळे झाकून भिस्त न ठेवता पडताळणी करूनच ते वापरावेत, असे निरीक्षणही न्यायालयाने नोंदवले.

या प्रकरणाचे महत्त्व दोन कारणांसाठी आहे. पहिले म्हणजे, न्यूयॉर्कमध्ये चूक वकिलांची होती व ती शोधण्यास न्यायाधीश समर्थ होते. येथे चूक निर्णय देणाऱ्याच्याच आदेशात होती. दुसरे कारण असे की, पक्षकार कंपनी असल्याने ती उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकली. असाच आदेश एखाद्या लहान व्यापाऱ्यास किंवा वारसनोंदीसाठी हेलपाटे घालणाऱ्या विधवेस मिळाला, तर त्यातील निवाडे खरे की खोटे हे तिने कसे ओळखावे? उच्च न्यायालयाने येथे यंत्रावर दोष ठेवला नाही. आदेशावर ज्याची स्वाक्षरी, त्यानेच पडताळणी करावयाची, हे तत्त्व अधोरेखित केले.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर करून निष्कर्ष काढणे, आदेश देणे वा निकाल लिहिणे यांसाठी अशा साधनांचा वापर करण्यास मनाई केली. हे धोरणही याच तत्त्वाचा पुरस्कार करणारे आहे.

४.२ न्यायालयीन भाषांतर व मराठीची परिभाषा

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते. याउलट महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. परिणामी तालुक्याच्या न्यायालयातील साक्षी, दस्तऐवज व सातबारा उतारे अपिलाच्या वेळी इंग्रजीत न्यावे लागतात. भाषांतराचे हे काम वेळखाऊ व खर्चिक असते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही भाषांतर प्रणाली सुरू केली. तिच्या साहाय्याने निकालांची मराठीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतरे होऊ लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीवेळी घटनापीठापुढील युक्तिवादाचे यंत्राच्या साहाय्याने प्रथमच लगोलग लिप्यंकन करण्यात आले. या सोयी निःसंशय उपयुक्त आहेत. आपला दावा का फेटाळला गेला हे पक्षकारास स्वतःच्या भाषेत वाचता येणे, ही न्यायाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

तथापि उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना, धोका अधिक आहे. आपल्या जमीनविषयक परिभाषेतील काही शब्द पाहावेत. ‘वहिवाट’ हा शब्द एका वाक्यात जमिनीचा प्रत्यक्ष उपभोग दर्शवितो, तर ‘वहिवाटीचा रस्ता’ म्हटल्यावर दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क सूचित होतो. ‘कूळ’ म्हणजे १९४८ च्या कूळ कायद्यान्वये संरक्षण मिळालेला जमीन कसणारा. पण हाच शब्द घराणे या अर्थीही येतो. ‘तो आमचे कूळ आहे’ आणि ‘तो आमच्या कुळातला आहे’ या दोन वाक्यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. पहिल्या वाक्याने जमिनीची मालकी बदलू शकते, दुसऱ्याने फक्त नाते समजते. साक्षीतील अशा वाक्याचे चुकीचे भाषांतर झाले व ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर अपिलाचा निर्णय साक्षीदाराने कधीच न उच्चारलेल्या विधानावर उभा राहील. भाषांतरकाराची स्वाक्षरी असेल तर त्यास बोलावून विचारता येते. यंत्राची उलटतपासणी घेता येत नाही.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ या १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात या दृष्टीने एक मार्गदर्शक तरतूद आढळते. कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात सादर करताना ते उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने व तज्ज्ञाने प्रमाणपत्रावर स्वाक्षरी करावी लागते. म्हणजे यंत्रातून निघालेल्या पुराव्यासही कायदा माणसाचे नाव जोडतो. हाच नियम यंत्रकृत भाषांतरास लावणे तर्कसंगत ठरेल.

४.३ आवाज, चेहरा व व्यक्तिमत्त्व हक्क

प्रफुल्ल पिक्चर्स ही मास्टर विनायक यांची चित्रसंस्था कोल्हापुरात सुरू झाली. तिच्या ‘माझं बाळ’ (१९४३) या चित्रपटात आशा भोसले यांनी गायनाचा आरंभ केला. त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच आवाजाच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयास अंतरिम आदेश द्यावा लागला. कोणताही आवाज प्रसिद्ध व्यक्तीच्या आवाजात बदलून देणारी साधने परवानगीविना उपलब्ध करणे हा तिच्या व्यक्तिमत्त्व हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने प्रथमदर्शनी मानले. यापूर्वी जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणातही याच न्यायालयाने तसेच संरक्षण दिले होते.

येथे प्रचलित कायद्याची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ गीत, ध्वनिमुद्रण व कलावंताचे सादरीकरण यांना संरक्षण देतो. परंतु न गायलेले गाणे त्याच आवाजात यंत्राने ‘गायले’, तर त्यातील नेमके काय चोरले गेले, याचे उत्तर त्या कायद्यात सहजी सापडत नाही. म्हणून न्यायालयांना व्यक्तिमत्त्व हक्काचा आधार घ्यावा लागतो. याच अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली की, संगणकाच्या साहाय्याने निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता ती कृती घडवून आणणारी व्यक्ती असेल. श्रेय माणसास मिळत असेल, तर दोषही माणसाकडेच जावा, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

प्रसिद्ध कलावंत उच्च न्यायालयात जाऊ शकतात. सामान्य माणसाचे काय? मुलाच्या हुबेहूब आवाजात आईला फोन करून पैसे मागणे आता तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-क (ओळखीची चोरी) व ६६-ड (तोतयेगिरी करून फसवणूक) येथे लागू होतात. अशा आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ करता येते. मात्र फोन करणारा सापडला, तरी आवाजाची नक्कल करणारे साधन पुरविणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न बराचसा अनिर्णित राहतो.

५. आर्थिक परिणाम

५.१ यंत्रमागाचा अनुभव

नवे यंत्र आणि रोजगार यांचा संबंध कोल्हापूर जिल्ह्यास नवा नाही. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. संस्थानचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या उद्योगास प्रोत्साहन दिले. यंत्रमागामुळे हातमागाचे काम घटले, हे खरे. पण त्याच यंत्राने पुढे हजारो कुटुंबांना रोजगार देऊन इचलकरंजीस ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ अशी ओळखही मिळवून दिली. या इतिहासाचा दाखला देऊन नव्या तंत्रज्ञानास घाबरण्याचे कारण नाही, असे अनेकदा सांगितले जाते.

तथापि हा इतिहास पूर्ण वाचला पाहिजे. इचलकरंजीत मागाची मालकी लहान उद्योजकाकडे आली, म्हणून लाभाचा काही वाटा गावात राहिला. तेथेही ‘खर्चीवाले’ यंत्रमागधारक हा मोठा वर्ग आहे. त्यांचा माग स्वतःचा असतो. परंतु सूत व्यापाऱ्याचे असते, कापडही व्यापाऱ्याचेच होते आणि त्यांच्या वाट्यास केवळ विणाईची मजुरी येते. बाजारभाव वाढल्याचा फायदा त्यांना क्वचितच मिळतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अर्थव्यवस्थेत वापरकर्त्याची स्थिती खर्चीवाल्याहून दुबळी असण्याचा संभव आहे. येथे माग, म्हणजे प्रणाली, भाड्याची असते. सूत, म्हणजे विदा, वापरकर्ताच पुरवितो. आणि त्या विदेवर सुधारलेली प्रणाली पुन्हा त्यालाच भाड्याने मिळते.

रोजगाराच्या बाबतीत न्यायालयाच्या आवारातील टंकलेखक व अर्जनवीस, हिशेबनीस, डीटीपी चालक आणि भाषांतरकार यांच्या कामावर परिणाम होणे स्वाभाविक आहे. छापखान्यातील खिळे जुळवणाऱ्या कामगारांनी असा काळ यापूर्वी अनुभवला आहे. कामगारकपात होण्याजोगा बदल कारखान्याच्या तंत्रात करण्यापूर्वी कामगारांना सूचना देण्याचे बंधन औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये व तिसऱ्या अनुसूचीत हे बंधन कायम आहे. वरील टंकलेखक, अर्जनवीस वा कंत्राटावर काम करणारा भाषांतरकार मात्र या व्याख्येतील कामगारच नसल्याने त्यास ही सूचनाही मिळत नाही.

५.२ ऊसशेती व तोडणीचा क्रम

बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. २०२४ साली सुमारे १,००० शेतकऱ्यांची त्यासाठी निवड झाली. उपग्रह छायाचित्रे, हवामान केंद्र व जमिनीतील संवेदक यांच्या नोंदींवरून पाणी, खत व रोगनियंत्रणाचा सल्ला शेतकऱ्यास मोबाईलवर मराठीतून मिळतो. पाणी व खताचा अतिवापर आणि क्षारपड होत जाणारी जमीन हे पंचगंगा व कृष्णाकाठचे जुने दुखणे आहे. त्यावर असा सल्ला निश्चितच उपकारक ठरेल.

यापुढील पायरी मात्र काळजीपूर्वक विचार करण्याजोगी आहे. उसाची पक्वता उपग्रह छायाचित्रांवरून अजमावता येत असल्याने तोडणीचा क्रमही यंत्राकडून ठरविणे शक्य होते. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने ‘तोड’ केव्हा मिळते यास फार महत्त्व आहे. तोड लांबली की उसास तुरा येतो, वजन घटते, खोडवा व पुढील पीक लांबते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्यास प्रतिटन ३,५५० रुपये इतका रास्त व किफायतशीर दर केंद्राने ठरविला. हा दर कारखान्याच्या उताऱ्याशी जोडलेला असल्याने कारखान्यास पक्व ऊस आधी हवा असतो, तर सभासदास आपली पाळी हवी असते.

आज तोड मागे पडली, तर शेतकरी चिटबॉयला गाठतो, शेती अधिकाऱ्याकडे जातो, वेळप्रसंगी वार्षिक सभेत संचालकांना प्रश्न विचारतो. या व्यवस्थेत वशिलेबाजी नाही असे कोणीही म्हणणार नाही. यंत्राने लावलेला क्रम कदाचित अधिक निःपक्षपाती असेल. परंतु ‘संगणकाने क्रम लावला आहे, आमच्या हातात काही नाही’ असे उत्तर मिळू लागल्यास शेतकऱ्याकडे असलेला विचारण्याचा मार्गही जाईल. वशिला वाईट असला तरी तो करणारा माणूस ठाऊक असतो व त्यास जाब विचारता येतो. क्रम लावताना पक्वतेस किती व नोंदीच्या तारखेस किती महत्त्व द्यायचे, हे यंत्रास कोणीतरी सांगितलेले असते. तो निर्णय कोणी घेतला, हे सभासदास समजणे आवश्यक आहे.

विदेच्या मालकीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व मुख्य कर्तव्यांच्या अंमलबजावणीसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. हा कायदा ओळख पटणाऱ्या व्यक्तीच्या माहितीस संरक्षण देतो. जमिनीचा ओलावा, सामू वा उसाची वाढ या नोंदी शेतकऱ्याच्या नावापासून वेगळ्या केल्या की त्या या संरक्षणाबाहेर जाऊ शकतात. हजारो शेतांच्या अशा एकत्रित नोंदींना मोठे व्यापारी मोल असते.

६. सामाजिक परिणाम

६.१ भाषा व बोली

२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा मराठी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. तरीही यंत्रास शिकण्यासाठी उपलब्ध असलेला मराठी मजकूर इंग्रजीच्या तुलनेत अत्यल्प आहे व जो आहे तो मुख्यतः प्रमाण मराठीत आहे. ‘मी करतो आहे’ हे यंत्रास कळते. ‘मी करालोय’ हे कळेलच असे नाही. भारत सरकारचा २०२२ मध्ये सुरू झालेला ‘भाषिणी’ उपक्रम ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करीत आहे. शासकीय सेवा बोलून मिळू लागतील तेव्हा शिरोळ वा गडहिंग्लजच्या वृद्ध स्त्रीला आधी प्रमाण मराठी बोलावयास शिकावे लागू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

६.२ भूतकाळावरून शिकणारे यंत्र आणि सामाजिक न्याय

यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. या वैशिष्ट्याचा सामाजिक अर्थ कोल्हापूरच्या इतिहासावरून चांगला समजतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. ‘उत्तम अधिकारी कोण ठरेल?’ हा प्रश्न त्या नोंदींवर शिकलेल्या यंत्रास विचारला असता, तर त्याने त्याच समाजातील उमेदवार पुढे केले असते. गणिताच्या दृष्टीने ते उत्तर बरोबरही ठरले असते. कारण इतरांना शिक्षणाची संधीच मिळाली नव्हती, ही गोष्ट नोंदींत लिहिलेली नव्हती. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. तो आदेश नोंदींतील प्रवाहाच्या विरुद्ध होता व त्याखाली एका राज्यकर्त्याने स्वतःची जबाबदारी घेतली होती.

नोकरभरती, कर्जवाटप, शिष्यवृत्ती वा गुन्ह्याचा अंदाज यांसाठी यंत्राचा वापर करताना हे उदाहरण विसरता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये पोलीस दलासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी नागपूर येथे स्थापन केली. डिसेंबर २०२५ मध्ये तपासकामास साहाय्य करणारी ‘महाक्राइमओएस’ ही प्रणाली राज्यातील १,१०० पोलीस ठाण्यांत नेण्याचे जाहीर झाले. सायबर गुन्ह्यांचा वाढता बोजा पाहता तपास अधिकाऱ्यास असे साहाय्य हवेच आहे. मात्र संशयिताचे नाव यंत्राने सुचविले असेल, तर दोषारोपपत्रावर स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्यास त्याची कारणे स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजेत. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणास मूलभूत हक्क मानले आहे, हेही येथे लक्षात ठेवावे लागेल.

६.३ उच्च शिक्षण

प्रस्तुत लेखकास पदवी वर्गाचे प्रकल्प अहवाल तपासताना एका अहवालाच्या संदर्भसूचीतील तीन मराठी ग्रंथ अपरिचित वाटले. ग्रंथालयात शोध घेतला असता ते कोठेही आढळले नाहीत. विद्यार्थ्यास विचारले, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले, “सर, मोबाईलने दिले, मी फक्त उतरवून काढले.” अहवालाच्या पहिल्याच पानावर ‘हे काम माझे स्वतःचे आहे’ या प्रतिज्ञापत्राखाली त्याची स्वाक्षरी होती आणि मार्गदर्शक म्हणून दुसरी स्वाक्षरी प्रस्तुत लेखकाची होती. प्राप्तिकराच्या आदेशातील चूक व ही चूक यांच्या स्वरूपात फरक नाही. स्वाक्षरी ही केवळ औपचारिकता होऊन बसली होती, हे यंत्राने उघड केले इतकेच. त्यात शिक्षकाचा वाटाही विद्यार्थ्याइतकाच आहे, हे मान्य करणे प्राप्त आहे.

७. निष्कर्ष

१) भाषिक प्रारूप शब्दांच्या संभाव्यतेवर चालत असल्याने त्याच्या उत्तराची पडताळणी हा वापराचाच अविभाज्य भाग आहे.

२) न्यायालयांनी आतापर्यंत यंत्राऐवजी ते वापरणाऱ्या माणसास उत्तरदायी धरले आहे. साक्ष अधिनियम व कॉपीराइट अधिनियमातील तरतुदीही याच दिशेने निर्देश करतात.

३) आर्थिक लाभाचे वाटप तंत्रज्ञानाच्या गुणवत्तेइतकेच साधन व विदा यांच्या मालकीवर अवलंबून राहील. इचलकरंजीच्या खर्चीवाल्यांची स्थिती या दृष्टीने बोलकी आहे.

४) जुन्या नोंदींवरून शिकणारे यंत्र जुनी विषमता नकळत पुढे चालवू शकते.

५) ज्यांना निर्णयाची कारणे समजत नाहीत व न्यायालयात जाण्याची ऐपत नाही, त्यांना यंत्राच्या चुकीची झळ सर्वाधिक बसण्याचा संभव आहे.

८. शिफारशी

१) अपिलासाठी सादर होणाऱ्या यंत्रसाहाय्यित भाषांतरावर ते मुळाशी ताडून पाहणाऱ्या भाषांतरकाराची नावानिशी स्वाक्षरी बंधनकारक असावी.

२) जमीन, वारसा व वहिवाट यांविषयीच्या स्थानिक शब्दांचा अर्थासह कोश विधी महाविद्यालये व विद्यापीठाचा मराठी विभाग यांनी सर्किट बेंचच्या कार्यक्षेत्रासाठी तयार करावा. तो भाषांतरकारास तर उपयोगी पडेलच, शिवाय यंत्रास शिकविण्यासही उपयोगी पडेल.

३) साखर कारखान्यांनी तोडणीचा क्रम प्रणालीद्वारे लावल्यास त्याचे निकष मराठीत सूचना फलकावर लावावेत आणि तक्रार ऐकून क्रम बदलण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे.

४) उसाच्या गाळपासाठी व दुधाच्या संकलनासाठी सहकार उभारणाऱ्या या जिल्ह्याने शेतीच्या विदेसाठीही सहकारी संस्थेचा विचार करावा, म्हणजे कंपन्यांशी करार करताना शेतकऱ्यांची बाजू एकत्रितपणे मांडता येईल.

५) महाविद्यालयांनी प्रकल्पाचे गुण देताना मौखिक परीक्षेस अधिक भार द्यावा व संदर्भातील किमान काही ग्रंथ प्रत्यक्ष दाखविण्यास सांगावे.

समारोप

कृत्रिम बुद्धिमत्तेस नकार देणे शक्य नाही आणि इष्टही नाही. पाण्याचा अचूक सल्ला मिळणारा शेतकरी आणि आपला निकाल मराठीत वाचणारा पक्षकार हे तिचे खरे लाभार्थी आहेत. या लाभार्थींना चूक झाल्यास कोठे जायचे हे ठाऊक असावे, एवढीच या अभ्यासाची मागणी आहे. सर्किट बेंचमुळे सहा जिल्ह्यांतील माणसास दाद मागण्याचे ठिकाण जवळ आले. त्या ठिकाणी पोहोचल्यावर ज्याच्याविरुद्ध दाद मागायची तो माणूस कागदावर सापडला पाहिजे. ऊसतोडणी व न्यायालयीन भाषांतर या दोन क्षेत्रांत प्रत्यक्ष मुलाखतींच्या आधारे अधिक सखोल संशोधनास वाव आहे.